चुकीच्या बाजूला

लिमावाडी
२३ नोव्हेंबर १९९२

श्रीमती कास्की यांस,

मी यूएल कास्की, मर्विनचा धाकटा भाऊ. आपली कधी भेट झालेली नाही. हे पत्र न वाचता शेकोटीत टाकलंत तरी माझी तक्रार नाही.

मर्विन गेला तेव्हा मी त्याच्याजवळ होतो. हे तुम्हाला कोणी सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. दर गुरुवारी तो कोलरेनला टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये टेबलावर काठी-चेंडूचा पूल खेळायला येत असे, तो माझ्याबरोबर. आमचे वडील वारले त्या हिवाळ्यात त्याने एकदा माझ्या दुकानात फोन केला आणि विचारलं, 'खेळतोस का अजून?' मी हो म्हटलं. तेव्हापासून सात वर्षं चाललं होतं. आमचं बोलणं टेबलापुरतंच असायचं. घरी काय सांगून निघतोस, हे मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

त्याला त्रास झाला का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. झाला नाही. डाव चालू होता. मध्येच तो काठी टेकवून उभा राहिला आणि म्हणाला, 'घाई नडली, यूएल. चुकीच्या बाजूला येऊन पडलो बघ.' मग बाकावर बसला, आणि त्याने मान टाकली. डॉक्टर म्हणाले, त्याला कळलंही नसेल. माणसाचे शेवटचे शब्द त्याच्या बायकोला पोचायला हवेत, म्हणून लिहिले.

अंत्यविधीला मी आलो होतो. तुमच्या कॅथलिक चर्चच्या आत आलो नाही, फाटकाबाहेर उभा राहिलो. आम्हा प्रोटेस्टंटांकडे तशी रीत आहे. राग मानू नये.

त्याची काठी माझ्याकडे आहे. पाठवू का?

आपला,
यूएल कास्की


डेरी
९ डिसेंबर १९९२

यूएल,

माझं नाव डिम्पना. 'श्रीमती कास्की' म्हटलं की मला तुमच्या आईची आठवण येते, आणि त्या बाईंनी मला जन्मात एकदाही पाहिलं नाही.

फाटकाबाहेरचे ते टोपीवाले गृहस्थ तुम्ही होय? माझ्या बहिणीने तुम्हाला साध्या कपड्यांतला पोलीस ठरवलं होतं. पावसात उभा आहे बिचारा, एक सँडविच पाठवू या, असं मी म्हणत होते. ती म्हणाली, पोलिसाला कशाला, त्याला सरकार खायला घालतं. म्हणून राहून गेलं.

गुरुवारी बसडेपोतल्या मंडळींबरोबर खेळायला जातो, असं मला सांगायचा तो. मी त्याला गुरुवारचा शर्ट वेगळा इस्त्री करून ठेवायची. मी शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवते, माझ्या घरचा माणूस चुरगळलेल्या कॉलरने कसा बाहेर पडेल? तो शर्ट तुमच्यासाठी होता, हे आता कळलं. दुसरी बाई असती तर निदान मला वास तरी लागला असता.

त्याचे शेवटचे शब्द कळवलेत. मी ते नीट वाचले. आभार.

काठी तुमच्याकडेच राहू द्या.

डिम्पना


लिमावाडी
११ जानेवारी १९९३

डिम्पना यांस,

तुमच्या पत्रावरून वाटतं, आमच्या गुरुवारांचा तुम्हाला राग आला. तो साहजिक आहे. पण मर्विनने ते तुमच्यापासून लपवलं याचा अर्थ वेगळा काढू नका. तुम्हाला कळलं तर तुम्ही मला जेवायला बोलवाल, मी येणार नाही, आणि मग तुमचा अपमान होईल, अशी त्याला भीती असावी. हा माझा अंदाज आहे.

तुमच्या मनाला बरं वाटेल असं काहीतरी लिहावं, असं आयव्ही, माझी पत्नी, म्हणते. मला ते फारसं जमत नाही. एवढं सांगतो की मर्विनने आपली माणसं मनातून काढली नव्हती. दर गुरुवारी निघताना तो विचारायचा, आईवडिलांच्या थडग्यावरचं गवत कापलंस का? एकदा म्हणाला होता, शेवटी माणसाला आपलीच माती आठवते. वडिलांनी त्याचं नाव घरात घेऊ दिलं नाही, पण त्याने त्यांच्याबद्दल कधी वाकडा शब्द काढला नाही. असा मनाचा मोठा माणूस होता.

काठी मी पुसून ठेवली आहे.

यूएल


डेरी
२ फेब्रुवारी १९९३

यूएल,

तुमचं पत्र मिळालं. आयव्हीबाईंना सांगा, फार बरं वाटलं.

एक काम आहे. तुमच्या चर्चच्या आवारात तुमच्या आईवडिलांचा दगड आहे, त्यावर खाली जागा सोडलेली आहे, असं मर्विन एकदा बोलला होता. त्याचं नाव तिथे कोरून घ्या. इथल्या दगडावर मी अजून काही कोरलेलं नाही, आणि कोरणारही नाही. देह आता उकरायला नको, पण माणसाला जिथे असायला हवं होतं तिथे त्याचं नाव तरी असू दे. शेजारची जागा आम्ही माझ्यासाठी घेऊन ठेवली होती. ती मला लागणार नाही. माझी सोय माझ्या आईजवळ होईल.

आमची ओळख झाली आणि तीन महिन्यांत आम्ही लग्न केलं. सगळे म्हणत होते, थांबा जरा. घाईच झाली, हे खरं आहे.

तुम्हाला परवानग्या वगैरे काढाव्या लागतील. माझी हरकत नाही असं वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडलं आहे.

डिम्पना


लिमावाडी
१९ मार्च १९९३

डिम्पना यांस,

नाव कोरून झालं. 'मर्विन, ज्येष्ठ पुत्र', आणि खाली सालं. आईच्या नावाखाली बरोबर बसलं. मी आणि आयव्ही रविवारी प्रार्थना झाल्यावर तिथे थोडा वेळ उभे राहिलो. हे कधी होईल असं मला वाटलं नव्हतं. वडील गेल्यावर मी स्वतःच कोरून घेईन, असं ठरवलं होतं, आणि मग जिवंत माणसाचं नाव कसं कोरायचं, म्हणून गप्प बसलो.

तुम्ही आमच्यासाठी केवढं केलंत, हे तुम्हाला ठाऊक नसेल. आमच्या घराने तुम्हाला जे दिलं त्याच्या बदल्यात कोणी असं केलं नसतं. तुमच्याबद्दल मी चोवीस वर्षं जे ऐकत आलो, ते सगळं खोटं होतं.

तुम्ही आईजवळ का जाणार, हे मात्र मला कळलं नाही. विचारायचा मला हक्क नाही, तरी विचारतो.

यूएल


डेरी
१४ एप्रिल १९९३

यूएल,

विचारताच आहात तर ऐका. एवढे साधे आहात की सोंग घेता, हे मला अजून कळलेलं नाही.

तुम्हीच लिहिलंत ना, तो काय म्हणाला ते? 'घाई नडली. चुकीच्या बाजूला येऊन पडलो.' या गावात बाजू म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. नदीच्या अलीकडची बाजू आणि पलीकडची बाजू. आपली आणि त्यांची. माणूस भेटला की नाव विचारायचं, शाळा विचारायची, आणि मनातल्या मनात बाजू ठरवायची. मर्विन पूल ओलांडून माझ्यासाठी इकडे आला. बाप तुटला, घर तुटलं, पहिली नोकरी गेली. दोनदा आमच्या दारावर रंग फासला, एकदा तुमच्या लोकांनी आणि एकदा माझ्या. तो रॉकेल आणि फडकं घेऊन पुसायचा आणि म्हणायचा, रंग स्वस्तातला आहे, लगेच निघतोय. मला वाटायचं, याला पश्चात्ताप म्हणून शिवला नाही. मी तर मिरवायची. आणि शेवटी मरताना, भावाजवळ, तो खरं बोलला.

जाणाऱ्याला दोष कशाला देऊ? पण माझं काय झालं ते सांगते. मी रडले नाही. त्याला जाऊन महिना झाला त्या दिवशीच्या प्रार्थनेला डोकं दुखतंय म्हणून घरी बसले. त्याचे कपडे पिशव्यांत भरून धर्मादाय दुकानात देऊन आले. ग्लासगोहून माझी मुलगी ऊना फोनवर रडते, आणि मी तिला म्हणते, पुरे आता. तिला वाटतं, आई दगड झाली. जो माणूस चोवीस वर्षं माझ्या शेजारी निजून दुसऱ्या बाजूची वाट बघत होता, त्याच्या शेजारी मरून पुन्हा निजायचं कशाला? म्हणून आईजवळ.

आता कळलं असेल. उत्तर दिलं नाहीत तरी चालेल.

डिम्पना


लिमावाडी
१७ एप्रिल १९९३

डिम्पना,

तुमचं पत्र दुकानात मिळालं. वाचलं, आणि दुकान बंद करून घरी गेलो. दुकानापासून घरापर्यंत माझ्या मनात एक विचार होता, तो तुमच्यापासून लपवत नाही. मी गप्प बसलो तर मर्विनचं नाव आमच्या दगडावर राहील. घर आलं तेव्हा तो विचार संपला.

मर्विन जे बोलला ते पांढऱ्या चेंडूबद्दल बोलला.

टेबल डोळ्यांसमोर आणा. त्याचा शेवटचा पिवळा चेंडू उजवीकडच्या मधल्या पॉकेटच्या तोंडाशी होता. तो तुम्हीसुद्धा घातला असता. तो गेला की उरला फक्त काळा, आणि काळा घातला की डाव जिंकला. काळा होता पलीकडच्या टोकाच्या कडेला, डाव्या कोपऱ्यापासून वीतभर उजवीकडे. आता या खेळात चेंडू घालणं हे निम्मंच काम असतं. उरलेलं निम्मं म्हणजे घालून झाल्यावर आपला पांढरा कुठे जाऊन थांबतो. काळ्याच्या उजव्या बाजूला थांबला, तर काळ्याला डाव्या कोपऱ्यात ढकलता येतं. डाव्या बाजूला गेला, तर काळा कोपऱ्यापासून उलटा दूर पळतो. त्या जागेला आम्ही चुकीची बाजू म्हणतो. सगळेच म्हणतात, तुमचेही आणि आमचेही.

पांढऱ्याला काठी कुठे लावायची, यावर तो कसा पळेल ते ठरतं. मधोमध लावली तर तो साधा जातो. खाली लावली तर पिवळ्याला धडकून मागे येतो. बाजूला लावली तर फिरकी बसते, आणि कडेला लागल्यावर तो त्या अंगाला वळतो. इथे हलक्या हाताने थोडी डावी फिरकी द्यायला हवी होती. पिवळा गेला असता, पांढरा उजव्या कडेला लागून सावकाश वर सरकला असता आणि काळ्याच्या उजवीकडे येऊन थांबला असता. मी हे त्याला आयुष्यभर सांगत आलो. पण त्याला पांढरा खालून ओढायची भारी हौस. ओढलेला पांढरा मागे पळतो तो दिसायला झोकदार दिसतो ना. मध्ये थांबवला असता तरी भागलं असतं. त्याने घाई केली, जोर जास्त लागला, आणि पांढरा सगळं टेबल ओलांडून डाव्या कडेला जाऊन चिकटला. त्यावर तो म्हणाला, घाई नडली, चुकीच्या बाजूला येऊन पडलो.

यापुढचं मी तुम्हाला लिहिलं नव्हतं. सांत्वनाच्या पत्रात ते थिल्लर वाटेल, असं मला वाटलं. तो काळ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, 'थांब, पलीकडच्या कोपऱ्यात कडेकडेने जाईल हा. लांब आहे, पण जाईल.' काठीला खडू लावला, आणि दम खायला म्हणून बाकावर बसला. म्हणजे त्याला वाटत होतं की त्या बाजूनेही डाव निघेल. यात तुम्ही काय ते समजा.

मातीचं आणि गवताचंही मी असंच लिहून बसलो. गवताचं तो विचारायचा, कारण मी आळशी आहे. मातीचं तो बोलला ते बटाट्यांवरून बोलला, तुमच्याकडचे त्याला चिकट लागायचे.

दगडावरचं नाव तुम्ही म्हणाल तर मी काढून घेईन.

यूएल


डेरी
२१ मे १९९३

यूएल,

तुमचं पत्र वाचून मी ते घडी करून ठेवलं आणि विश्वास ठेवला नाही. तुम्ही दुकानदार. गिऱ्हाइकाचं तोंड बघून माल दाखवायची तुम्हाला सवय. मला वाटलं, या माणसाला अपराधी वाटलं, म्हणून बसून एक गोष्ट रचली. त्यातून तुम्ही शेवटी ते कीर्तन केलंत, त्या बाजूनेही डाव निघेल म्हणून. काळा चेंडू हा काळा चेंडू असतो, यूएल. त्याचा उपदेश करू नये.

महिनाभर तशीच होते. मग काल पत्र पर्समध्ये घातलं आणि बसडेपोच्या क्लबात गेले. जेवणाच्या सुट्टीत मर्विन तिथे खेळायचा. मला बघून सगळे उठून उभे राहिले, जणू शवपेटीच आत आली. मी म्हटलं, बसा, मी नुसती टेबल बघायला आले आहे. फ्रान्सी टोलंड होता, मर्विनबरोबर इंजिनं उघडणारा. मी पत्र काढलं आणि तुम्ही सांगितलंत तसे चेंडू लावले. पिवळा मधल्या पॉकेटच्या तोंडाशी, काळा वरती, डाव्या कोपऱ्याजवळ. पांढरा कुठे ठेवायचा ते तुम्ही लिहायला विसरलात, मी आपला मध्ये ठेवला. फ्रान्सीला आणखी काही सांगितलं नाही.

म्हटलं, 'फ्रान्सी, इथून मर्विनने काय केलं असतं?'

'मर्विनने?' तो हसला. 'खालून ओढला असता, दुसरं काय. डावी फिरकी दे, बाबा, हलका मार, हजारदा सांगितलं. ऐकेल तर शपथ. एवढा शहाणा माणूस, पण काठी हातात आली की त्याला झोक दाखवायचा असायचा.'

'मग काय झालं असतं?'

'पांढरा तिकडे कडेला. आणि मग हे साहेब काठी टेकवून उभे राहणार आणि आम्हाला ऐकवणार.'

'काय ऐकवणार?'

त्याने मर्विनसारखा एक खांदा पाडला, काठी टेकवली, आणि त्याचाच आवाज काढून म्हणाला, 'घाई नडली, फ्रान्सी. चुकीच्या बाजूला येऊन पडलो बघ.' बाकीचे हसले. एक जण म्हणाला, आठवड्यातून दोनदा म्हणायचा, छापूनच ठेवायला हवं होतं.

मी बाकावर बसले. फ्रान्सीला वाटलं, मला वाईट वाटेल असं तो काहीतरी बोलला. बिचारा चहा घेऊन आला, माफी मागायला लागला. मी त्याला म्हटलं, पुन्हा म्हण. तो म्हणेना. मग मी रडले, यूएल. त्या सगळ्या बाप्यांसमोर, ऑइलचे हात लागलेला कप हातात धरून, नाक गळेपर्यंत रडले. एकाने उठून रेडिओ बंद केला.

नोव्हेंबरपासून मी विधवा नव्हते, मी टाकलेली बायको होते. टाकलेल्या बाईला राग धरता येतो, तिला रडायचं काही कारण नसतं. माझा नवरा मे महिन्यात वारला. बसडेपोच्या क्लबात, भर दुपारी.

आणि आता माझ्याकडे त्याचं काही नाही. पिशव्या भरताना मी एक रुमालही मागे ठेवला नाही. त्या धर्मादाय दुकानात विचारायला गेले, तिथली बाई म्हणाली, तो माल केव्हाच गेला. आज सकाळी पुलावर एका माणसाच्या अंगात निळा शर्ट दिसला. कॉलर माझ्या हातची होती, ते टाके मी झोपेतही ओळखीन. गुरुवारचा शर्ट. मी त्याच्या मागोमाग चालत गेले, पुलाच्या पार टोकापर्यंत. तो वळला आणि निघून गेला, मी परत आले.

आता दगडाचं. इथे मी त्याचं नाव कोरून घेते आहे, आणि त्याच्याखाली माझी जागा ठेवते आहे. आईची समजूत वर गेल्यावर काढीन. तुमच्याकडचं नावही काढू नका, तो तुमचाही होता. पण 'ज्येष्ठ पुत्र' एवढंच कोरून मला चालणार नाही. तो अर्धा माणूस झाला. त्याच्यापुढे लिहा, 'आणि डिम्पनाचा नवरा'. ते जमणार नसेल तर सगळंच खरवडून टाका, मी रागावणार नाही.

काठी आता पाठवा. मला खेळायची नाही, पण तिला त्याचा हात लागलेला आहे.

डिम्पना


लिमावाडी
२८ जून १९९३

डिम्पना,

काठी वेगळी पाठवली आहे. मुठीजवळ जो मळ आहे तो त्याच्या हाताचा आहे. जानेवारीत पुसताना मी तो काढणार होतो, मग हात धजावला नाही.

दगडाला उशीर झाला. चर्चच्या समितीत दोन बैठका झाल्या. एका वयस्क सभासदाने विचारलं, तुमच्या वडिलांना हे आवडलं असतं का? मी म्हटलं, मुळीच नाही. तो म्हणाला, मग? मी म्हटलं, मग काही नाही, दगडाचे पैसे मी भरतो. आयव्ही माझ्या शेजारी बसली होती. लोक काय म्हणतील, याची तिला घरी फार काळजी होती, पण तिथे तिने माझ्याआधी हात वर केला.

शनिवारी कोरून झालं. मी सकाळपासून तिथेच होतो. कारागीर तरुण आहे, बालिमनीचा. कागदावरची अक्षरं त्याने दोनदा वाचली आणि म्हणाला, 'डिम्पना. हे नाव इकडच्या दगडांवर कधी कोरलेलं नाही मी. कोण या तुमच्या?'

मी म्हटलं, माझी वहिनी.

तो शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघाला. एवढे गुरुवार गेले, एकदा तरी तो मर्विनसमोर म्हणायला हवा होता.

यूएल